शनिवारची लाट

चिमीला सगळा किनारा वेधशाळा म्हणायचा, आणि हे नाव काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. खरी वेधशाळा चुकते तेव्हा लोक हसून सोडून देतात. ही बाई चुकायची नाही, आणि आपण चुकत नाही हे समोरच्याच्या तोंडावर सांगायची. म्हणून कुणीतरी वैतागून ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. वय एक्कावन्न, अंगकाठी किरकोळ, जीभ मात्र चांगली धारदार. दिवसभर ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीच्या मोठ्या रुळापुढे उभी असायची, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी फोन उघडायची. दूर समुद्रात तरंगती यंत्रं सोडलेली असतात, ती लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद कळवत राहतात. ते आकडे, भरतीच्या वेळा, वाऱ्याची दिशा, एवढं बघायची आणि सांगून टाकायची, "उद्या सात ते नऊ, खाडीचं तोंड. नऊनंतर थांबू नका." आणि नऊनंतर थांबणाऱ्याला खरोखर एकही लाट मिळायची नाही.

ज्याने कधी लाटेवर सरकायच्या बोर्डावर पाय ठेवला नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं? समुद्र समोर आहे, लाटा आहेत, घ्यावा बोर्ड आणि शिरावं पाण्यात. अहो, तसं नसतं. त्यांचा किनारा चाळीस किलोमीटरचा, आणि सलग दोन किलोमीटर सरळ असेल तर शपथ. एके ठिकाणी खडक, त्याला सगळे 'दात' म्हणायचे. तिथे भरती पूर्ण असेल तरच जायचं, नाहीतर ते नाव का पडलं ते कळतं. पुढे खाडीचं तोंड, तिथली वाळू दर पावसानंतर जागा बदलते, गेल्या वर्षीची लाट या वर्षी सापडेलच असं नाही. मग 'बशी' नावाचा गोल उपसागर, नवशिक्यांसाठी बरा. कारखान्याच्या कुंपणाखाली 'भिंत' नावाचा किनारा, तिथे सांडपाण्याचा पाइप येतो आणि समोरून कायम वारा, लाटेचा नुसता चिखल होतो. आणि सगळ्यात टोकाला, डोंगराच्या आडोशाला 'सासुरवाडी'. सासुरवाडी का, तर तिथे थाट मोठा होतो, पण वर्षातून दोनदाच. लांबच्या वादळातून निघालेली लाट नेमक्या दिशेने आली, भरती अर्धी झाली आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला, तरच तिथली लाट उभी राहते. उभी राहिली की मात्र दोनशे मीटर सरकत जाते, काचेसारखी. यातलं एक जरी बिघडलं तर तिथे बघायला फक्त डोंगर.

हे सगळं गणित चिमीचं, आणि गाडी दादाची. तिचा थोरला भाऊ फरशा बसवायचा. गावातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याच्या हातची फरशी होती, आणि एकाही ठिकाणी पाणी साचत नव्हतं. बोलायला कमी, उठायला लवकर. एकतीस वर्षं दोघं मिळून समुद्रावर जात आले, आणि एकतीस वर्षांत दादाने कधी विचारलं नाही की इथेच का, आत्ताच का. पहाटे फोन यायचा. चिमी म्हणायची, "दात, सव्वासहा." तो म्हणायचा, "गाडी काढतो." बस. वहिनी म्हणायची, या दोघांचं बोलणं ऐकायला बसलं तर माणूस उपाशी मरेल.

दीड वर्षापूर्वी दादाच्या हातातून फरशी निसटली. मग आठवड्यात दुसरी. आधी तो म्हणाला घाम आला, मग म्हणाला चष्मा बदलायला हवा. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून सुटत जाणार, याला औषध नाही. हात आधी, मग पाय, मग गिळणं आणि श्वास. किती दिवस, ते नक्की सांगता येत नाही. एवढं सांगून डॉक्टर थांबले, आणि दादाने विचारलं काय असेल? "बोर्डावर पोटावर झोपता येईल ना?" डॉक्टर बाईंना प्रश्नच कळला नाही. चिमीने तो समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "हात आहेत तोवर झोपू द्या. फार लांबवू नका."

तर एवढीच गोष्ट राहिली होती. दादाला हात आहेत तोवर एकदा लाटेवर न्यायचं. उभं राहणं संपलं होतं, ते त्यालाही मान्य होतं. पोटावर झोपायचं, मागून चिमीने ढकलायचं, लाटेने उचललं की दोन्ही तळवे टेकून छाती वर करायची, म्हणजे बोर्डाचं नाक पाण्यात घुसत नाही, आणि किनाऱ्यापर्यंत यायचं. त्यासाठी हात हवेत. फार नकोत, छाती उचलण्यापुरते हवेत. दादा रोज सकाळी बैठकीच्या खोलीत, टीव्हीपुढच्या गालिच्यावर पालथा पडून तेवढं करून बघायचा. वहिनी खुर्चीवर बसून मोजायची. आधी दहा व्हायचे. मग सहा.

आता इथे चिमीने काय करावं? कुठल्याही शहाण्या माणसाने भावाला उचललं असतं, जवळच्या पाण्यात नेलं असतं, आणि जी येईल ती लाट घेतली असती. पण ही वेधशाळा. हिला दादाची लाट साधी नको होती. ज्याने एकतीस वर्षं एका शब्दाने विचारलं नाही, त्याला आता कसलीतरी फुटकी लाट द्यायची? तिच्या मनाला ते पटेचना. तिने ठरवून टाकलं, सासुरवाडी. दुसरं काही नाही.

पहिली संधी आली तेव्हा वारा दुपारी फिरणार होता, आणि दादाला तयार व्हायला सकाळचे दोन तास लागायचे. ती म्हणाली नको, घाई होईल. दुसऱ्या वेळी लाट छान होती पण भरती चुकीच्या वेळी. तेव्हाही ती नको म्हणाली. पोस्टमन, म्हणजे गावात टपाल वाटणारा आणि गावातल्या न्हाव्यासारखाच यांच्यासोबत वीस वर्षं पाण्यात उतरणारा मित्र, तो म्हणाला, "अगं, बशीत ने ना. पाऊण लाट मिळाली तरी पुरे." ती त्याच्यावर अशी उखडली की त्याने पुन्हा विषय काढला नाही. "पाऊण लाट तू घे," ती म्हणाली. "माझ्या भावाला मी अख्खी देणार."

मग तो सोमवार आला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चिमी लाँड्रीच्या मागच्या दाराशी, मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर बसली होती. फोन हातात, डबा तसाच. आणि तिचा चेहरा असा फुलला होता की रुळावरच्या बाईने विचारलं, लॉटरी लागली का काय? दक्षिणेला दूर समुद्रात एक वादळ उठलं होतं. भलंमोठं. त्याच्या लाटा पाच दिवस प्रवास करून शनिवारी सकाळी पोचणार होत्या, नेमक्या दिशेने, सोळा सेकंदांच्या अंतराने. भरती अर्धी होणार पावणेअकराला. वारा बारापर्यंत जमिनीकडून. चिमीने तीनदा आकडे तपासले, मग मुकादमाकडे जाऊन शनिवारची पाळी बदलून घेतली. दहा वर्षांत असा दिवस आला नव्हता. तिला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात दादा आला. चालत आला. गाडी चालवणं त्याने कधीच सोडलं होतं, स्टिअरिंग धरवत नव्हतं. घरापासून लाँड्री एरवी वीस मिनिटांची, त्याला आता पाऊण तास लागला. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात खुपसलेले, कारण बाहेर ठेवले की लोंबकळायचे आणि त्याला ते आवडायचं नाही. त्याच्या दोन पावलं मागे वहिनी, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत टॉवेल.

"काय रे, इथे कुठे?" चिमी म्हणाली. "बरं झालं आलास. हे बघ, हे बघ आधी." आणि तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला.

दादाने बघितलं. त्याला आकडे कळत होते, इतकी वर्षं फुकट गेली नव्हती. "छान आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "चिमे, आज जाऊ."

"कुठे?"

"भिंतीवर. तुझी पाळी पाचला सुटते ना? इथून दहा मिनिटं."

चिमीला वाटलं तो थट्टा करतोय. ती हसली. "भिंतीवर? त्या गटारात?"

"कमरेएवढं पाणी आहे. खाली वाळू आहे. पडलो तरी उभा राहीन."

"अरे, पण लाट कुठे आहे तिथे? समोरून वारा येतोय, नुसता फेस आहे फेस. गुडघ्याएवढं काहीतरी येईल आणि वळवळून मरेल. दादा, शनिवारी सासुरवाडी लागतेय. दहा वर्षांत अशी लागली नाही. मी पोस्टमनला सांगितलंय, न्हाव्याला सांगितलंय, आम्ही तिघं तुला डोंगरावरून खुर्चीत बसवून खाली नेऊ. सगळं ठरलंय."

"आज सकाळी एकच झाला," दादा म्हणाला.

"काय एकच झाला?"

"गालिच्यावर," वहिनी मागून म्हणाली. "मागच्या सोमवारी चार होत होते, वन्सं. आज एक झाला, तोही मी पोटाखाली हात घातला तेव्हा."

हे वाक्य चिमीने नीट ऐकलं असतं तर पुढची गोष्टच घडली नसती. कान होते, ऐकू आलं, पण डोक्यात शनिवार बसला होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. ती फोनवरचं बोट न उचलता म्हणाली, "मग शनिवारपर्यंत अजिबात करू नकोस. नीट विश्रांती घे, म्हणजे पाच-सहा होतील." जसं काही हात म्हणजे भरती-ओहोटी, आज गेले की वेळ बघून परत येतात.

आतून यंत्रांचा आवाज येत होता, वाफेचा वास येत होता. "कसलीही चालेल गं," तो म्हणाला. "फेस तर फेस. अंगाखालून पाणी गेलं तरी पुरे."

"आणि लोक काय म्हणतील? वेधशाळेने सख्ख्या भावाला सांडपाण्यात बुडवला? काहीतरीच तुझं. एवढी वर्षं माझं ऐकलंस, आता पाच दिवस ऐक."

"जाऊ दे की एकदा," वहिनी म्हणाली. ती कधी समुद्रात पाय बुडवणारी बाई नव्हती, यांच्या या वेडात तिने तीस वर्षांत तोंड घातलं नव्हतं. "संध्याकाळी अर्धा तास. आणि मग शनिवारीही जा."

"वहिनी, दोन्ही नाही व्हायचं. आज दमला, थंडी भरली, तर शनिवारी बिछान्यातून उठायचा नाही. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

वहिनीने पिशवीतला टॉवेल आत दाबला. दादाने मान डोलावली. वाद घालायची त्याला सवयच नव्हती. या बाबतीत चिमीचा शब्द शेवटचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तो म्हणाला, "बरं. शनिवारी." आणि दोघं परत निघाली. चिमीने घाईघाईने डबा उघडला, चार घास खाल्ले आणि सुट्टी संपल्याची घंटा होताच आत पळाली. दुपारभर ती रुळाशी गुणगुणत होती. पाच वाजता घरी जाताना भिंतीच्या वरच्या रस्त्यानेच गेली, आणि खाली बघून तिला बरंच वाटलं. करड्या पाण्यात गुडघ्याएवढ्या लाटा येत होत्या, फुटत होत्या, पुन्हा येत होत्या. छे, असल्यात काय न्यायचं माणसाला?

बुधवारी संध्याकाळी दादाला चहा पिताना ठसका लागला. साधा ठसका. तुम्हाला-आम्हाला लागतो, आपण खोकतो, डोळ्यांत पाणी येतं, कुणीतरी पाठीत थोपटतं आणि संपतं. दादाला खोकता येईना. खोकायलाही स्नायू लागतात हे आधी कुणाच्या लक्षात येतं? चहा गेला तो छातीत. गुरुवारी पहाटे ताप चढला, दुपारी ओठ निळे पडले, आणि संध्याकाळी तो हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, तीनशे सहा नंबरच्या खोलीत, तोंडावर मास्क लावून पडला होता. शुक्रवारी डॉक्टर बाई म्हणाल्या की छाती हळूहळू निवळेल, कदाचित पुढच्या आठवड्यात घरीही सोडू. चिमीने विचारलं, "आणि हात?" बाईंनी दादाचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडला. तो चादरीवर पडला. "हे आता परत येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या तापात राहिलेलं सगळं जातं. मला वाईट वाटतं." चिमी म्हणाली, "चार दिवस आधी होते." बाई म्हणाल्या, "हो, असतील."

शनिवारी सकाळी चिमी दादाची गाडी घेऊन हॉस्पिटलकडे निघाली. सरळ रस्ता बाजारातून जातो. ती डोंगराच्या रस्त्याने गेली. कशाला गेली? काय बघायचं होतं तिला? तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिला मनातून वाटत होतं की आपण चुकलेले असू. वारा फिरलेला असेल, वादळ वाटेत विरलं असेल, काहीतरी झालं असेल. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई आपला अंदाज चुकावा म्हणून हात जोडायला तयार होती.

पावणेअकराला तिने गाडी वळणावर उभी केली आणि खाली बघितलं.

सासुरवाडी लागली होती. एकामागून एक, पाच-पाच लाटांचे जथे येत होते, मध्ये पाणी सपाट, मग पुन्हा पाच. डोंगराच्या टोकाशी पाणी उचललं जायचं, उभं राहायचं, आणि डावीकडून उजवीकडे सोलल्यासारखं एकसारखं फुटत जायचं. वारा मागून हळू लागत होता, लाटेच्या माथ्यावरचा तुषार समुद्राकडे उडत होता. खाली तीसेक माणसं होती. तिने सगळ्यांना सोमवारीच सांगून ठेवलं होतं ना! त्यांचे ओरडण्याचे आवाज वर येत होते. तिने मिनिटं मोजली, सेकंद मोजले. सोळा. दिशा बरोबर, भरती बरोबर, वारा बरोबर. एवढीशी कुठे चूक नव्हती. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती ढसाढसा रडली. मग तोंड पुसून गाडी चालू केली.

तीनशे सहा नंबरची खोली लहान होती. एक पलंग, एक खुर्ची, एक लोखंडी कपाट, खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा. पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली. दादाला आता नाकात नळी होती, मास्क काढला होता, त्यामुळे बोलता येत होतं, पण दोन-तीन शब्द बोलले की थांबावं लागायचं. वहिनी त्याची दाढी करत होती. चिमी आत आली तशी त्याने डोळ्यांनीच विचारलं. मग तोंडानेही विचारलं, "लागली?"

चिमी म्हणाली, "नाही."

कसं आलं तोंडातून, देव जाणे. इतक्या वर्षांत लाटेबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. दुसऱ्या कशाबद्दल बोलली असेल, पण लाटेबद्दल नाही. "सकाळीच वारा फिरला," ती म्हणाली. "सगळं चिरडून टाकलं. नुसता पांढरा फेस. लोक आले आणि मला शिव्या घालत परत गेले."

"चुकलीस?" दादा म्हणाला.

"चुकले."

दादाच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघून तिला वाटलं, बरं केलं आपण. त्याच्या कपाळावरची शीर सैल झाली. तो चक्क हसला, अर्ध्या गालावर साबण होता तसाच. "म्हणजे," तो म्हणाला, आणि श्वास घ्यायला थांबला, "गेलो असतो तरी. काही नव्हतं."

"काही नव्हतं."

"मग ठीक." त्याने डोळे मिटले. "मग काही. गेलं नाही."

वहिनीने वस्तरा वाटीत बुडवला आणि चिमीकडे बघितलं. चिमीच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. वारा फिरल्याने कुणाचे डोळे सुजत नाहीत, एवढं समुद्रात न उतरणाऱ्या बाईलाही कळतं. पण ती उरलेला गाल करू लागली. दादा दुपारी दोन तास झोपला. गुरुवारपासून पहिल्यांदा शांत झोपला. चिमी खुर्चीवर बसून त्याच्या छातीचं वर-खाली होणं बघत होती, आणि तिला वाटत होतं की एवढं तरी आपल्या हातून झालं.

चार वाजता संध्याकाळची भेटीची वेळ सुरू झाली, आणि दार उघडून पोस्टमन आणि न्हावी आत आले.

केस ओले. नाकाचे शेंडे उन्हाने लाल. कपडे बदलून आले होते तरी अंगाला समुद्राचा वास होता. बिचारे किनाऱ्यावरून तडक आले होते, दादाला बरं वाटावं म्हणून. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. चिमी खुर्चीवरून उठली, तिने मान हलवली, हाताने खूण केली, पण पोस्टमन मेला बोलत सुटला होता.

"दादा, काय लागली होती रे! मी म्हणतो, जन्मात बघितली नव्हती. तुझी बहीण माणूस नाही, यंत्र आहे यंत्र. पावणेअकरा म्हणाली आणि पावणेअकरालाच..." मग त्याने चिमीचा चेहरा बघितला आणि तो थांबला.

न्हाव्याच्या हातात फोन होता, त्यात त्याने सगळं टिपून आणलं होतं. तो फोन खिशात घालू लागला.

"दाखव," दादा म्हणाला.

"राहू दे रे, नंतर..."

"दाखव ना."

न्हाव्याने फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला. दादाने सगळं बघितलं, शेवटपर्यंत. मग म्हणाला, पुन्हा लाव. पुन्हा बघितलं. त्यातून लोकांच्या ओरडण्याचे बारीक आवाज येत होते. मग तो पोस्टमनला म्हणाला, "तू किती घेतल्या?" पोस्टमन खाली बघून म्हणाला, "अकरा." "छान," दादा म्हणाला. "लांब गेलास?" "गेलो. दोनदा पार शेवटच्या खडकापर्यंत." "छान," दादा पुन्हा म्हणाला. दोघं आणखी पाच मिनिटं उभे राहिले, हवापाण्याचं काहीतरी बोलले, आणि पाय न वाजवता निघून गेले.

चिमी भिंतीशी उभी होती. दादा तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या लोखंडी कपाटाकडे बघत होता. तिला वाटलं तो चिडेल, काही टाकून बोलेल, आणि मग आपण पाया पडू, रडू, आणि होईल मोकळं. तो कपाटाकडेच बघत राहिला. तिलाच ते सहन होईना. ती पुढे आली, पलंगाच्या दांड्याला धरून म्हणाली, "दादा, सोमवारी भिंतीवर नेलं असतं, तर जमलं असतं का रे?"

हे असं विचारतो तेव्हा माणसाला उत्तर नको असतं, सोडवणूक हवी असते. आणि दादाने आजवर तिला प्रत्येक वेळी सोडवलं होतं. लहानपणी तिने शेजाऱ्याची काच फोडली तेव्हा, लग्न मोडून ती माघारी आली तेव्हा, जाऊ दे गं, म्हणायचा, तुझं काय चुकलं त्यात. चिमी त्या शब्दांची वाट बघत उभी राहिली.

दादाने श्वास गोळा केला. वेळ लागला त्याला.

"हो," तो म्हणाला. "जमलं असतं."

चिमी थांबली. अजून काहीतरी येईल असं तिला वाटलं.

"हात होते. सोमवारी," दादा म्हणाला. रागाने नाही. डॉक्टरांना सांगावं तसं सांगितलं. मग त्याने वहिनीला म्हटलं, "कूस. बदल."

वहिनी उठली. तिने त्याच्या पाठीखाली एक हात घातला, दुसरा गुडघ्यांखाली. चिमीने पटकन पुढे होऊन खांद्याला हात लावला, नेहमी दोघी मिळूनच वळवायच्या.

"नको," दादा म्हणाला. "तिला येतं. एकटीला."

चिमीने हात काढून घेतला. वहिनीने त्याला सावकाश खिडकीकडे वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, निसटून खाली लोंबणारा हात उचलून चादरीवर नीट ठेवला आणि चादर खांद्यापर्यंत ओढली. चिमीला आता फक्त त्याची पाठ दिसत होती. भेटीची वेळ सहापर्यंत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेचारच वाजले होते.